ब्विंडीत माउंटन गोरिला पाहायला जायचंय? आधी परमिट, मग लस, मग विमान

युगांडातल्या ब्विंडीच्या जंगलात गोरिला पाहायला निघालेल्यांचे बेत जंगलात क्वचितच फसतात. ते घरीच, क्रम चुकल्यामुळे फसतात. विमानाचं तिकीट स्वस्त मिळालं म्हणून आधी काढलं जातं आणि मग कळतं, त्या तारखांना परमिटच शिल्लक नाही. परमिट मिळतं जंगलाच्या दक्षिण टोकाचं आणि मुक्काम ठरतो उत्तर टोकाला. पिवळ्या तापाची लस घेतली जाते निघण्याच्या चार दिवस आधी, आणि तिचा दाखला लागू होतो दहाव्या दिवसानंतर. यातली प्रत्येक चूक टाळता येते, म्हणून खाली टप्पे ज्या क्रमाने लिहिले आहेत त्याच क्रमाने करा.

टप्पा 1 : देश आणि जंगलाची बाजू ठरवा

माउंटन गोरिला जगात दोनच ठिकाणी उरले आहेत : युगांडातलं ब्विंडी आणि त्याला लागून असलेलं काँगोतलं थोडं जंगल, आणि युगांडा, रवांडा, काँगो यांच्या सीमेवरची विरुंगा ज्वालामुखी रांग. परदेशी पर्यटकाला रवांडात परमिटसाठी 1,500 डॉलर मोजावे लागतात, युगांडात 800. रवांडात राजधानी किगालीहून गोरिलांचं उद्यान दोन-तीन तासांवर आहे. युगांडाचा विमानतळ आहे एंटेबेला, आणि तिथून ब्विंडी म्हणजे अख्खा दिवस गाडीत. वेळ कमी आणि खर्चाची चिंता नसेल तर रवांडा घ्या. बाकीच्यांनी ब्विंडी. पुढचं सगळं ब्विंडीबद्दल आहे.

ब्विंडीत प्रवेशाच्या चार बाजू आहेत. बुहोमा उत्तरेला, रुहिजा पूर्वेला, रुशागा दक्षिणेला आणि न्कुरिंगो नैर्ऋत्येला. परमिट 'ब्विंडी'चं नसतं, या चारपैकी एका बाजूचं असतं. नकाशावर त्या जवळजवळ दिसतात, पण मधे घनदाट जंगल आणि वळणावळणाचे कच्चे रस्ते आहेत. बुहोमाहून रुशागाला गाडीने जायला कित्येक तास लागतात आणि पावसात त्याहून जास्त. सकाळी साडेसातला हजेरी असते, त्यामुळे चुकीच्या बाजूला मुक्काम केला की त्या दिवसाचं परमिट हातचं जातं.

माझं मत असं : पहिल्यांदा जात असाल, घरातली पन्नाशी ओलांडलेली माणसं बरोबर असतील किंवा कोणाचे गुडघे कुरकुरत असतील, तर बुहोमा घ्या. तिथला चढउतार तुलनेने सौम्य आहे आणि राहायची सोयही जास्त आहे. न्कुरिंगोचे उतार अंगावर येतात, तिथे पक्के ट्रेकर असाल तरच जा. रुहिजा सगळ्यांत उंचावर आहे, त्यामुळे सकाळची थंडी बोचते. रुशागात गोरिलांचे कळप सर्वांत जास्त, म्हणून उशिरा बेत ठरला तर परमिट मिळण्याची शक्यता तिथे अधिक. माणसांची सवय अजून पूर्ण न झालेल्या कळपाबरोबर चार तास घालवण्याचं वेगळं, जास्त महागडं परमिटही रुशागात मिळतं.

*इशारा :* 'सोपा कळप' असा शब्द कोणी देत असेल तर त्यावर विसंबू नका. कळप रोज जागा बदलतो आणि रोज रात्री नवी घरटी करून झोपतो. काल अर्ध्या तासावर असलेला कळप आज पाच तासांवर असू शकतो.

*इशारा :* पंधरा वर्षांखालच्या मुलांना परमिट मिळत नाही. वय पासपोर्टवरून तपासतात. लहान मुलं बरोबर असतील तर त्यांच्यापाशी कोण थांबणार हे आत्ताच ठरवा.

टप्पा 2 : परमिट काढा

परमिट युगांडा वाइल्डलाइफ अथॉरिटी देते. एका कळपाला दिवसातून एकदाच आणि जास्तीत जास्त आठ माणसं भेटू शकतात, त्यामुळे जागा मोजक्याच असतात. जून ते ऑगस्ट आणि डिसेंबर ते फेब्रुवारी हे त्यातल्या त्यात कोरडे महिने. तेव्हा जायचं असेल तर सहा महिने आधी हालचाल करा. मार्च-मे आणि सप्टेंबर-नोव्हेंबर हे पावसाचे. तेव्हा परमिट सहज मिळतं, पण चिखल आणि निसरडी वाट ठरलेली. कोरड्या महिन्यांतही पाऊस पडतोच, हे वर्षावन आहे.

बहुतेक जण परमिट स्थानिक सहल कंपनीमार्फत काढतात आणि ते सोयीचंही आहे, कारण गाडी, चालक आणि मुक्काम तीच जुळवते. असोसिएशन ऑफ युगांडा टूर ऑपरेटर्सची ती सभासद आहे का, हे बघा. पैसे भरल्यावर 'जागा धरून ठेवली आहे' एवढ्या निरोपावर गप्प बसू नका, परमिटची प्रत मागा.

मराठी नावांचा घोळ इथे सुरू होतो. आपल्याकडे नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव अशी सवय. पासपोर्टवर मधलं नाव कधी असतं, कधी नसतं. लग्नानंतर आधार कार्डावर एक आडनाव आणि पासपोर्टवर दुसरं असंही घडतं. परमिट, व्हिसा, लसीचं कार्ड आणि विमानाचं तिकीट या चारही ठिकाणी पासपोर्टवर जसं आहे तसंच नाव, अक्षर न अक्षर, टाका.

*तपासा :* परमिटवर नाव, पासपोर्ट क्रमांक, तारीख आणि जंगलाची बाजू, या चारही गोष्टी बरोबर आहेत? मुक्काम त्याच बाजूला आहे? दोन्हीला 'हो' आल्याशिवाय पुढे जाऊ नका.

टप्पा 3 : लस, आणि त्यानंतरच व्हिसा

युगांडात उतरताना पिवळ्या तापाच्या लसीचं कार्ड लागतं. ई-व्हिसाच्या अर्जातही ते जोडावं लागतं, म्हणून लस व्हिसाच्या आधी. ही लस कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही. केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या ठरावीक केंद्रांवरच मिळते आणि तिथे आधी वेळ घ्यावी लागते. लस एकदाच घ्यायची, दाखला आयुष्यभर चालतो, पण तो लस घेतल्यापासून दहा दिवसांनी लागू होतो. जाताना मूळ पासपोर्ट न्या, त्याचा क्रमांक कार्डावर येतो.

साठीपुढच्यांनी, गरोदर बायकांनी, अंड्याची तीव्र ॲलर्जी असलेल्यांनी आणि प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं घेणाऱ्यांनी आधी आपल्या डॉक्टरांशी बोलावं. त्याच भेटीत मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्यांबद्दलही विचारा. काही गोळ्या निघण्याच्या एक-दोन दिवस आधी सुरू होतात, काही दोन आठवडे आधी.

*इशारा :* कार्ड परतीच्या प्रवासातही लागतं. युगांडाहून आलेल्या प्रवाशाकडे वैध कार्ड नसेल, तर भारतात उतरल्यावर त्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येतं. कार्ड पासपोर्टबरोबर हातातल्या पिशवीत ठेवा, सामानात टाकू नका.

फक्त युगांडा पाहणार असाल तर एकदाच प्रवेश देणारा 50 डॉलरचा ई-व्हिसा पुरतो. किगालीत उतरून ब्विंडीला जाणार असाल, किंवा मधेच रवांडात जाऊन युगांडात परतणार असाल, तर 100 डॉलरचा पूर्व आफ्रिका पर्यटक व्हिसा घ्या. तो युगांडा, रवांडा आणि केनिया या तिन्ही देशांत 90 दिवस चालतो. ज्या देशात आधी उतरणार, त्याच देशाकडे अर्ज करायचा.

टप्पा 4 : विमान आणि जंगलापर्यंतचा रस्ता

आता तिकीट काढा. मुंबई ते एंटेबे थेट विमान 2023 मध्ये सुरू झालं, ते आठवड्यातल्या कोणत्या वारांना आहे ते पाहून घ्या. नाहीतर आदिस अबाबा, नैरोबी किंवा आखाती शहरांतून बदलून जाता येतं.

एंटेबेहून रस्त्याने ब्विंडी आठ ते दहा तास. विमानातून उतरल्या उतरल्या हा प्रवास करू नका, एक रात्र एंटेबेत काढा. छोट्या विमानाने जायचं तर बुहोमासाठी किहिही आणि रुशागा-न्कुरिंगोसाठी किसोरो ही धावपट्टी. त्या विमानांत सामानाची मर्यादा साधारण 15 किलो असते आणि कडक बॅगा चालत नाहीत.

किगालीहून दक्षिणेच्या बाजू बऱ्याच जवळ पडतात. पण या वाटेवर एका गोष्टीकडे हमखास दुर्लक्ष होतं : युगांडाचं घड्याळ रवांडाच्या एक तास पुढे आहे. मोबाइल सीमेजवळच्या टॉवरवरून कधी रवांडाची वेळ दाखवतो, कधी युगांडाची. सकाळच्या गजरासाठी वेळ आपोआप बदलण्याची सोय बंद करा आणि मुक्कामाच्या ठिकाणी एकदा विचारून घ्या. रवांडात प्लॅस्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे, सामानात असतील तर काढून घेतात.

*तपासा :* ट्रेकच्या आदल्या दिवशी उजेड असतानाच मुक्कामी पोचताय ना? ट्रेकच्याच दिवशी दुपारनंतरचं परतीचं विमान तर काढलं नाही ना? कळप दूर असेल तर जंगलातून बाहेर यायलाच संध्याकाळ होते.

टप्पा 5 : शरीराची तयारी

राजगड, हरिश्चंद्रगड करणाऱ्यांना इथे दम कमी पडत नाही. त्यांना अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. सह्याद्रीत पाय खडकावर किंवा मळलेल्या वाटेवर पडतो. ब्विंडीत शेवटच्या टप्प्यात वाटच नसते. पुढचा माणूस कोयत्याने वेली तोडत जातो आणि तुम्ही त्या तुटलेल्या वेलींच्या गादीवर पाय ठेवता. पाय कधी घोट्यापर्यंत, कधी पोटरीपर्यंत खाली जातो आणि खाली जमीन आहे की आडवं खोड, हे कळत नाही. जोर मांड्यांवर आणि घोट्यांवर येतो.

म्हणून दोन महिने आधीपासून चढण्याइतकाच उतरण्याचा सराव करा. इमारतीचे जिने पाठीवर चार-पाच किलो वजन घेऊन सावकाश उतरा. सुटीच्या दिवशी पाच-सहा तासांचा एखादा डोंगर करा, शक्यतो पावसाळ्यात. जे बूट नेणार आहात तेच घालून करा. नवे कोरे बूट थेट ब्विंडीत घालणाऱ्याचे पाय दुपारपर्यंत सोलून निघतात.

टप्पा 6 : पिशवी भरा

घोट्यावर येणारे, खोल नक्षीच्या तळव्याचे बूट. लांब मोजे, आणि पँट त्या मोज्यांत खोचायची, कारण सफारी मुंग्यांची रांग ओलांडताना त्या आतून वर चढतात आणि कडकडून चावतात. गेटर, म्हणजे बुटावरून पोटरीपर्यंत बांधायची कापडी आवरणं, असतील तर उत्तमच. जाड कापडाची लांब पँट आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट, रंग मळकट हिरवा किंवा तपकिरी. जीन्स नको, भिजली की वाळत नाही. पावसाचं जाकीट हवंच.

हातमोजे मात्र विसरू नका, आणि लोकरीचे नकोत. बागकामाचे, तळव्याला रबर असलेले घ्या. उतारावर तोल गेला की हात आपोआप बाजूच्या झाडीकडे जातो आणि ती झाडी बऱ्याचदा खाजकुयलीसारखी आग करणारी असते. मोज्याशिवाय पकडलीत तर तासभर तळहात भाजल्यासारखा चुरचुरतो आणि त्या हाताने कॅमेराही धरवत नाही.

पाणी माणशी दोन लिटर. डबा मुक्कामाच्या ठिकाणाहून मिळतो. शाकाहारी असाल तर 'अंडंही नको' हे दोन दिवस आधी स्पष्ट सांगा, कारण तिथे अंडं बहुधा शाकाहारात धरतात. चपाती युगांडात सगळीकडे मिळते, त्याच नावाने, त्यामुळे उपाशी राहायची वेळ येत नाही. तरी खाकरा, चिक्की, गूळ-शेंगदाणे जवळ असू द्या. सर्जिकल मास्क माणशी तीन-चार घ्या. घामाने आणि पावसाने एक हमखास भिजतो.

प्लग तीन चौकोनी पिनांचा ब्रिटिश पद्धतीचा लागतो, तसा अडॅप्टर भारतातूनच घेऊन जा.

टप्पा 7 : रोख पैसे

डॉलरच्या नोटा नव्या, न फाटलेल्या, न लिहिलेल्या घ्या. 2009 च्या आधी छापलेल्या नोटा युगांडात बरेच जण घेत नाहीत किंवा कमी दराने घेतात. बँकेतून घेताना प्रत्येक नोटेवरचं साल बघा. पाच, दहा, वीसच्या नोटा भरपूर ठेवा. स्थानिक शिलिंग काबाले किंवा किसोरो गावातच काढून घ्या. उद्यानाच्या दाराशी एटीएमचा भरवसा धरू नका.

पोर्टरसाठी, म्हणजे पिशवी उचलणाऱ्यासाठी, साधारण 20 डॉलर वेगळे ठेवा. रेंजर (गटाला नेणारा वनरक्षक) आणि ट्रॅकर (कळपाचा माग काढणारा) यांना बक्षिसी देण्याची पद्धत आहे, सक्ती नाही.

टप्पा 8 : ट्रेकची सकाळ

साडेसातपर्यंत नोंदणीच्या जागी पोचा. मूळ पासपोर्ट आणि परमिट लागतं, झेरॉक्स चालत नाही. त्याआधीच, पहाटे, ट्रॅकर जंगलात गेलेले असतात. काल कळप जिथे दिसला होता तिथे जाऊन रात्रीची घरटी शोधतात आणि माग काढत पुढे जाऊन रेंजरला वायरलेसवर दिशा सांगतात.

ब्रीफिंगनंतर आठ-आठ जणांचे गट पाडतात. गुडघा, दमा, रक्तदाब यांतलं काही असेल तर याच वेळी रेंजरला सांगा. शक्य असेल तर जवळच्या कळपाचा गट मिळतो. गट पाडून झाल्यावर सांगून फारसा उपयोग नाही. ज्यांना चालणं अजिबात झेपणार नाही, त्यांना पोर्टर पालखीसारख्या खुर्चीतून उचलून नेतात. त्याचे पैसे बरेच पडतात आणि ती सोय आधी सांगून ठेवावी लागते.

पोर्टर घ्याच, तुम्ही कितीही तगडे असलात तरी. तो नुसती पिशवी उचलत नाही, निसरड्या उतारावर हात देतो आणि मागून ढकलतो. हे काम करणारे पुरुष आणि बायका जंगलालगतच्या गावांतले आहेत. जंगल राहिलं तर आपलं घर चालतं हा त्यांचा रोजचा हिशोब आहे, आणि गोरिला टिकण्यात त्याचा मोठा वाटा आहे.

*इशारा :* सर्दी, खोकला, ताप, जुलाब यांतलं काहीही असेल तर इथेच सांगा आणि मागे फिरा. आपली आणि गोरिलाची जनुकं इतकी जवळची आहेत की आपले आजार त्याला होतात. 1996 मध्ये ब्विंडीच्या एका कळपात खरूज पसरली, ती माणसांकडून आली असावी असा निष्कर्ष निघाला. त्यात एक पिल्लू दगावलं. 2018 च्या गणनेपर्यंत सगळे मिळून 1,063 माउंटन गोरिला उरले होते. क्रोसीन घेऊन ताप दडपून आत जाण्याइतकं वाईट या प्रवासात दुसरं काही नाही. परमिटचे पैसे गेले तर जाऊ द्या.

टप्पा 9 : जंगलातली चाल

पुढे-मागे बंदूकधारी रेंजर असतात. ब्विंडीत हत्ती आहेत आणि बंदूक त्यांना हवेत बार काढून घालवण्यासाठी आहे. ओळ सोडू नका. सर्वांत हळू चालणाऱ्याला पुढच्या रेंजरच्या लगेच मागे ठेवा. तो शेवटी राहिला की प्रत्येक थांब्यावर सगळे विसावतात आणि तो पोचेपर्यंत पुन्हा निघतात, त्याला विश्रांती मिळतच नाही.

थुंकू नका. लघवी-शौचाला जायचं असेल तर रेंजरला सांगा. तो एक फूट खोल खड्डा खणून देतो, मैला त्यात पुरायचा. खाण्याचं साल-बीसुद्धा परत आणायचं.

कळप जवळ आला की रेंजर थांबवतो. काठ्या, पिशव्या, खाणं-पाणी सगळं पोर्टरजवळ ठेवायचं आणि मास्क चढवायचा.

*तपासा, अजून चालत असतानाच :* फ्लॅश बंद आहे? फोकससाठी लागणारा छोटा लाल दिवा बंद आहे? मोबाइलचा आवाज बंद आहे? कॅमेऱ्याचं एक्स्पोजर एक पायरी खाली आणलं आहे? काळा गोरिला आणि काळोखं रान पाहून कॅमेरा आपोआप प्रकाश वाढवतो आणि फोटोत गोरिला राखाडी, पुसट येतो. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता, बिनधास्त वाढवा. 70-200 मिलिमीटरची लेन्स पुरते, त्याहून मोठी नुसतं ओझं होते.

टप्पा 10 : तो एक तास

कळप भेटल्यापासून एक तास, मिनिटभरही जास्त नाही. अंतर किमान 10 मीटर.

आधी सिल्व्हरबॅक, म्हणजे पाठीवर रुपेरी केस असलेला प्रौढ नर, कुठे आहे ते पाहा. तो हलला की सगळा कळप हलतो. त्याच्या आणि पिल्लांच्या मधे उभे राहू नका. बहुतेक जण पिल्लाच्या फोटोच्या नादात नेमकी हीच चूक करतात. रेंजर घसा खाकरल्यासारखा दोन पट्ट्यांत खर्जातला आवाज काढतो. गोरिला चरताना असाच आवाज काढतात आणि 'सगळं ठीक आहे' असा त्याचा अर्थ असतो. तो आवाज तुम्ही काढू नका, ते काम रेंजरचं. तुम्ही फक्त कुजबुजा.

पिल्लू कुतूहलाने तुमच्याकडे आलं तर हात पुढे न करता हळूहळू मागे सरका. शिंक आली तर पाठ फिरवून कोपरात शिंका, मास्क न काढता. सिल्व्हरबॅक अंगावर धावून आला तर पळायचं नाही. खाली बसायचं, नजर जमिनीकडे ठेवायची, तो जाईपर्यंत तसंच राहायचं. अशी धाव बहुधा नुसती दमदाटी असते, पण पळणाऱ्याच्या मागे तो येऊ शकतो. मनात एकदा हे घोळवून ठेवा, कारण त्या क्षणी पाय आपणहून पळायला बघतात.

एका जागी उभं राहून तासभर व्हिडिओ काढू नका. पानांमागे दिसत नसेल तर रेंजरला खुणेने सांगा, तो जागा बदलून देतो किंवा कोयत्याने फांदी बाजूला करतो. स्वतः फांदी तोडायला जाऊ नका.

टप्पा 11 : परतल्यावर

उतरताना घाई नको. पाय मुरगळतात ते बहुतेक परतीच्या वाटेवर, कारण लक्ष कॅमेऱ्यातल्या फोटोंकडे असतं. पोर्टरचे पैसे त्याच्याच हातात द्या. बूट मुक्कामावर घासून धुवा आणि चिखल तिथेच सोडा. दुसरा दिवस मोकळा ठेवा, मांड्या दुसऱ्या दिवशी जास्त भरून येतात.

मलेरियाच्या गोळ्या घरी आल्यावरही ठरलेले दिवस घ्यायच्याच असतात. बरं वाटतंय म्हणून अनेक जण त्या मधेच सोडतात. पुढच्या काही महिन्यांत कधीही थंडी वाजून ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासा आणि डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता सांगा की आपण युगांडात जाऊन आलो आहोत.